डॉ. फ्रोयलानो द मेलो : कुष्ठरुग्णांचा कैवारी

सासष्टीतील बाणावली येथे 17 मे 1887 रोजी जन्मलेले डॉ. फ्रोयलानो द मेलो हे गोमंतकाच्या वैद्यकीय इतिहासातील एक मोठे नाव. पणजीच्या वैद्यकीय शाळेत आणि पुढे पोर्तुगालमधील पोर्तो येथे शिक्षण घेऊन ते मायभूमीत परतले. सूक्ष्मजीवशास्त्र हे त्यांचे जीवनकार्य ठरले. पणजीची जीवाणूशास्त्र संस्था आणि वैद्यकीय शाळा या दोहोंची धुरा त्यांनी वाहिली.

त्यांच्या कार्यातील सर्वांत करुण अध्याय माकाझानचा. 1934 मध्ये तेथे उभ्या राहिलेल्या कुष्ठधामामागे त्यांचीच प्रेरणा होती. नॉर्वेचे हान्सेन यांनी 1873 मध्ये कुष्ठरोगाचा जंतू शोधला होता; तरीही समाज या व्याधीला पूर्वजन्मीचे पाप मानून रुग्णाला दूर लोटत होता. वैद्यांच्या हाती चालमोगरा तेलाखेरीज फारसे काही नव्हते.

हा जंतू मज्जातंतूंच्या वेष्टणातील पेशींत ठाण मांडतो. शरीराची संरक्षक यंत्रणा त्याच्यावर चालून जाते, तेव्हा मज्जातंतू सुजतो, दबतो आणि निकामी होतो. बोटे वाकतात, तळपाय बधिर होतात. जंतू मेल्यानंतरही त्याच्या अवशेषांवरील हा हल्ला चालू राहू शकतो. शत्रूइतकीच हानी स्वतःच्या सैन्याकडून होते, ती अशी. 2025 च्या आरंभी पुण्यात गाजलेल्या गुलियन-बारी आजारातही याचेच वेगळे रूप आढळते. कॅम्पिलोबॅक्टर या पोटाच्या जंतूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे, साधर्म्यामुळे फसून, मज्जातंतूंवरच तुटून पडू शकतात.

द मेलो यांच्या काळी हे गूढ उकललेले नव्हते. रुग्णाला निवारा आणि उपचार देणे हाच त्यांचा मार्ग होता. 1945 ते 1949 या काळात त्यांनी पोर्तुगीज संसदेत गोमंतकाचे प्रतिनिधित्व केले. अखेरची वर्षे त्यांनी ब्राझीलमध्ये काढली. 9 जानेवारी 1955 रोजी साव पावलो येथे त्यांचे निधन झाले.

आज बहुविध औषधोपचाराने कुष्ठरोग पूर्ण बरा होतो. मज्जातंतूंची सूज स्टेरॉइडने आवरता येते. मात्र एकदा मेलेला मज्जातंतू सहसा पुन्हा जिवंत होत नाही. म्हणून अंगावरील बधिर चट्टा लाजेपोटी न लपवता वेळीच डॉक्टरांना दाखवणे, हेच या गोमंतकपुत्राचे खरे स्मरण होय.