रे. नारायण शेषाद्री व जालन्याचे बेथेल

देवाचे वचन आपण नित्य ऐकतो. उपासनेत ते वाचले जाते, शाळेत त्याचे पाठांतर होते, परीक्षेत त्यावर गुणही मिळतात. परंतु ऐकल्याप्रमाणे चालण्याचा प्रसंग आला म्हणजे काय मोल द्यावे लागते, हे ज्यांच्या चरित्रावरून कळते असे एक थोर पुरुष आपल्या जालन्याच्या भूमीत काम करून गेले. त्यांचे नाव रे. नारायण शेषाद्री.

नारायणांचा जन्म ब्राह्मण कुळातला. मुंबईस स्कॉटिश मिशनच्या विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. तेथे इतर विषयांबरोबर बायबलही शिकवीत असत. मराठीत पारंगत असलेले रे. रॉबर्ट नेसबिट यांच्यासारखे गुरू त्यांना लाभले. तोच पाठ इतर पुष्कळ मुले ऐकत व पुस्तक मिटून घरी जात. नारायणांना मात्र एवढ्यावर थांबता आले नाही. 1843 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्याची झळ घरास तत्काळ लागली. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनरी मंडळींकडे राहावयास आला होता. तो अजून लहान असल्यामुळे वडिलांनी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात दाद मागितली, आणि कोर्टाने मुलास त्यांच्या स्वाधीन केले. त्यास जातीत परत घ्यावे की नाही यावर शास्त्री मंडळींत मोठे वादळ उठले. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्या शुद्धीचा कैवार घेतला. अशा रीतीने एका घरातील दोन भाऊ दोन वाटांना लागले. त्या पित्याचे दुःखही खरेच होते, हे आपण विसरू नये. देवाचे पाचारण ही किती गंभीर गोष्ट आहे, हे त्यावरूनच ध्यानात येते.

पुढे 1854 साली नारायणांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. मुंबईतच मानाने दिवस कंठणे त्यांना कठीण नव्हते. परंतु नंतरच्या दशकात ते त्या वेळच्या निजामी राज्यातील जालन्यास आले आणि मांग व महार बांधवांमध्ये काम करू लागले. ज्यांची सावलीही टाळावी असे त्यांच्या जन्मकुळास शिकविलेले, त्यांच्याच दाराशी हा मनुष्य गेला. बाप्तिस्म्याने जात सुटली होती; अभिमानही सुटला, हे येथे दिसून आले.

निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्या कारभारात त्यांना जालन्याजवळ जमीन मिळाली. तीवर त्यांनी ख्रिस्ती लोकांचे एक गाव वसविले व त्यास बेथेल हे नाव दिले. बेथेल म्हणजे देवाचे घर. उशाला धोंडा घेऊन उघड्यावर निजलेल्या याकोबाने आपल्या त्या जागेस हेच नाव दिले होते. ज्यांना गावकुसाबाहेर राहावे लागे, त्यांच्या वस्तीस यापरते योग्य नाव कोणते? 1873 साली न्यूयॉर्क येथील ख्रिस्ती परिषदेस नारायण गेले, तरी त्यांची खरी ओळख जालन्याचीच राहिली. 1891 साली ते प्रभूकडे गेले.

विद्यार्थिमित्रांनो, वचन ऐकून न पाळणाऱ्याचे घर वाळूवर असते, असे प्रभूने शिकविले. पाठ झालेले वचन आपल्याला कोणाच्या दाराशी नेते, हे आपण स्वतःस विचारावे. आणि पालकहो, मूल वचन किती अचूक म्हणते याबरोबरच ते घरच्या गड्यामाणसांशी कसे वागते, हेही आपण पाहावे, अशी आमची नम्र विनंती आहे.