मोजून बघणारा इंजिनिअर

दरवर्षी १५ सप्टेंबरला अभियंता दिन येतो. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार घातला जातो, भाषणं होतात आणि आपण परत सबमिशनच्या मागे लागतो. म्हैसूरचे दिवाण, कृष्णराजसागर धरण, भारतरत्न एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण हा माणूस इंजिनिअर म्हणून घडला तो आपल्या पुण्यात!

जन्म कर्नाटकातल्या मुद्देनहळ्ळीचा. वडील लवकर गेले. शिकवण्या करून त्यांनी बंगलोरला बी. ए. केलं आणि म्हैसूर सरकारची स्कॉलरशिप मिळवून पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपीत, प्रवेश घेतला. १८८३ साली परीक्षेत पहिला नंबर. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या पीडब्ल्यूडीत नोकरी लागली.

पुढे पुण्यात असताना खडकवासल्याचा प्रश्न समोर आला. पावसाळ्यात सांडव्यावरून सहा ते आठ फूट उंचीचं पाणी वाहून जायचं आणि साठा मात्र कमी पडायचा. धरण उंच करायचं तर खर्च मोठा. विश्वेश्वरय्यांनी हेरलं की पुराच्या वेळी भिंत तेवढी पातळी पेलतेच आहे. म्हणजे निसर्गानेच लोड टेस्ट घेतली होती! १९०३ मध्ये त्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी आठ फूट चढेपर्यंत दरवाजे बंद, त्यावर गेलं की आपोआप उघडणार. धरण न वाढवता साठा वाढला.

वडगाव निंबाळकरच्या बाजूला ज्या नीरा डाव्या कालव्यावर ऊस उभा राहतो, त्या कालव्यावरही त्यांनी काम केलं. पाण्याची नासाडी थांबावी म्हणून ब्लॉक पद्धत आणली. जमिनीचे गट पाडून त्यात ऊस आणि इतर पिकं आलटून पालटून घ्यायची आणि पाणी ठरवून द्यायचं. सुरुवातीला विरोध झाला, पण पद्धत रुजली.

१९०९ मध्ये ते म्हैसूरचे चीफ इंजिनिअर झाले, १९१२ मध्ये दिवाण. १९५५ मध्ये भारतरत्न मिळालं. नव्वदीनंतरही मोकामाजवळच्या गंगेवरील पुलाची जागा ठरवताना त्यांचा सल्ला घेतला गेला. शंभरी गाठून एप्रिल १९६२ मध्ये ते गेले.

त्याआधी, १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि त्या लोंढ्याने खडकवासल्याची जुनी भिंतही फोडली. तेवढं पाणी त्या भिंतीने कधी पाहिलंच नव्हतं.

आपण आज पुलाचं मॉडेल कॉम्प्युटरवर करतो. त्यात आकडे पुस्तकातले घालतो. खऱ्या पुलाचं बेअरिंग मात्र गंजून अडकलेलं असू शकतं. म्हणून भरलेले डंपर उभे करून पूल किती मिलिमीटर वाकतो, सेन्सर लावून सेकंदाला किती वेळा थरथरतो हे मोजतात आणि मॉडेलमधला ताठपणा त्याप्रमाणे जुळवतात. यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. पण डंपरने जुळवलेलं मॉडेल पुराचं उत्तर देत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीवरचा जुना पूल पुरातच गेला आणि त्याच्याबरोबर माणसंही गेली.

म्हणून मित्रांनो, मोजल्याशिवाय मॉडेलवर विश्वास ठेवू नका; आणि जेवढं मोजलं, त्याच्या पलीकडे तर अजिबात नको. अभियंता दिनाच्या हारापेक्षा विश्वेश्वरय्यांना हे जास्त आवडेल, असं मला वाटतं.