थरावर थर : चित्रकार गायतोंडे

बडनेऱ्याहून गाडीत बसलं की दोन-तीन तासांत नागपूर येतं. त्याच नागपुरात २ नोव्हेंबर १९२४ रोजी वासुदेव गायतोंडे यांचा जन्म झाला. घराणं मूळचं गोव्याचं. पुढे कुटुंब मुंबईला, गिरगावच्या चाळीत राहायला गेलं. १९४८ साली त्यांनी जे. जे. स्कूल ऑफ आर्टचा डिप्लोमा घेतला. आधी ते माणसं रंगवत. हळूहळू चित्रातून माणसं गेली आणि फक्त रंग उरले. १९६४ साली रॉकफेलर फेलोशिप मिळून ते न्यूयॉर्कला गेले. १९७१ साली पद्मश्री मिळाली आणि १९७२ साली ते दिल्लीला स्थायिक झाले.

पण मला जास्त आवडते ती त्यांची काम करण्याची पद्धत. तैलरंगातलं तेल बहुधा जवसाचं असतं. हो, आपल्या वऱ्हाडात ज्याची चटणी करतात तेच जवस! हे तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. काँक्रीटच्या क्युरिंगसारखीच ही केमिकल रिअ‍ॅक्शन आहे, तिथे घाई चालत नाही. नियम असा, की खालचा थर टर्पेंटाइनने पातळ केलेला, कमी तेलाचा हवा आणि वरचा जास्त तेलाचा. उलट केलं तर वरचा थर आधी वाळतो, खालचा नंतर हलत राहतो आणि चित्राला तडे जातात.

गायतोंडे रोलरने रंग पसरवायचे, नाईफने खरवडायचे, ओल्या रंगावर कागदाचे तुकडे दाबून रंग उचलून घ्यायचे. मग पुन्हा नवा थर. म्हणून त्यांच्या चित्रात उजेड आतून आल्यासारखा वाटतो. वर्षभरात जेमतेम पाच-सहा कॅनव्हास व्हायचे. बाकीचा वेळ नुसता विचार!

१९८४ साली अपघात झाला. मोठे कॅनव्हास थांबले. काही वर्षं ते कागदावर शाईने छोटी चित्रं काढत राहिले आणि नंतर परत कॅनव्हासकडे वळले. १० ऑगस्ट २००१ रोजी ते गेले. २०१३ साली मुंबईच्या लिलावात त्यांचं एक चित्र २३ कोटी ७० लाखांना विकलं गेलं. हे बघायला ते नव्हते.

आपल्याकडे फाईल एका रात्रीत पूर्ण होते आणि सबमिशन झालं की विसरूनही जातो. गायतोंडेंनी मात्र थांबणं हासुद्धा कामाचाच भाग मानला. टिकाऊ काही बनवायचं असेल तर खालचा थर नीट वाळू द्यावा, एवढं आपण इंजिनिअर लोकांनी त्यांच्याकडून नक्की घ्यावं.