प्लेगचे जंतू, मुंबईची लस आणि डॉ. हाफकिन

परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचे नाव महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. ज्यांच्या नावाने ही संस्था ओळखली जाते, ते वाल्डेमार हाफकिन १५ मार्च १८६० रोजी ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात जन्मले. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी पटकीवरील लस सिद्ध केली आणि १८९३ मध्ये ते भारतात आले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगने थैमान घातले. ऑक्टोबरात हाफकिन येथे दाखल झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा जागेत त्यांनी प्लेगचे जंतू मांसरसात तुपाचे थेंब सोडून वाढवले, उष्णतेने मारले आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती लस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. पुढे भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने तयार झालेल्या कैद्यांवर तिची चाचणी झाली.

त्याच वर्षी व्हेनिस येथे प्लेगविषयी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिचा भर जहाजे आणि यात्रेकरूंवरील निर्बंधांवर होता. जंतूंच्या देवाणघेवाणीची आजच्यासारखी चौकट तेव्हा नव्हती. परदेशी पथके मुंबईत येत, जंतू घेऊन परतत. व्हिएन्नाला नेलेल्या अशाच जंतूंमुळे १८९८ मध्ये प्रयोगशाळेतील सेवक, त्याच्यावर उपचार करणारे डॉ. म्युलर आणि एक परिचारिका असे तिघे दगावले.

हाफकिन यांच्या वाट्यालाही आघात आला. १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल येथे लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने मृत्युमुखी पडले. दोष त्यांच्या माथी आला आणि पद गेले. कुपी गावातच दूषित झाली असावी, हे रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी मांडल्यावर १९०७ मध्ये ते दोषमुक्त ठरले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव मिळाले. १९३० मध्ये लोझान येथे त्यांचे निधन झाले.

मुंबईला लस लवकर मिळाली, कारण ती मुंबईतच बनली. नमुने देणाऱ्या प्रत्येक देशाचे भाग्य असे नसते. बर्ड फ्लूचे विषाणू देऊनही लस परवडणार नाही, या तक्रारीवरून इंडोनेशियाने २००७ च्या सुमारास नमुने रोखले. त्यातून २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची फ्लूच्या विषाणूंपुरती चौकट आकाराला आली. मे २०२५ मध्ये व्यापक महासाथ करार संमत झाला. परंतु नमुने आणि लाभ यांच्या वाटणीचा कळीचा प्रश्न तेव्हा स्वतंत्र परिशिष्टावर सोपवावा लागला. जंतू देणाऱ्याला लस मिळावी, हे हाफकिन यांच्या मुंबईत परिस्थितीने घडवले. जगाला त्यासाठी कायदा हवा आहे.