डोळे मिटल्यावर गायक समोर उभा वाटतो, ते ज्याच्यामुळं शक्य झालं तो इंजिनिअर ३८ व्या वर्षीच गेला

महिन्याला पैसे भरून हाय-रेझोल्युशन गाणी ऐकणारी मंडळी आता आपल्याकडंही वाढली आहेत. त्यांच्या गप्पा ऐकायला बसलं की नुसते आकडे. सीडी म्हणजे १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ, हाय-रेझ म्हणजे २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झपर्यंत. त्यात परत डॅक कुठला, केबल कुठली, हा वेगळाच विषय.

पण डोळे मिटल्यावर गायक बरोबर मधोमध उभा आहे आणि व्हायोलिन डावीकडं वाजतंय असं जे वाटतं, ते या आकड्यांमुळं नाही. ते स्टेरिओमुळं.

आणि स्टेरिओ म्हटलं की ॲलन ब्लमलाईन हे नाव घ्यावंच लागतं.

ब्लमलाईनचा जन्म २९ जून १९०३ चा, लंडनमधल्या हॅम्पस्टेडचा. वडील मूळचे जर्मन. पोरगं हुशार, पण वाचनाचा कंटाळा इतका की बाराव्या वर्षापर्यंत त्याला धड वाचताही येत नव्हतं असं सांगतात. विजेच्या गोष्टींत मात्र डोकं भन्नाट चालायचं. इंजिनिअरिंग झालं, टेलिफोन लाईनच्या कामात काही वर्षं गेली आणि १९२९ मध्ये तो कोलंबिया ग्राफोफोन कंपनीत लागला.

कंपनीचं दुखणं साधं होतं. रेकॉर्ड कापायचं यंत्र अमेरिकन पेटंटवर चालायचं, त्यामुळं विकल्या जाणाऱ्या रेकॉर्डमागं रॉयल्टी मोजावी लागायची. ब्लमलाईनला सांगितलं गेलं की त्या पेटंटच्या वाटेला न जाता दुसरं यंत्र बनव. त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बनवलं. वर ते आधीच्यापेक्षा चांगलं निघालं.

१९३१ मध्ये कोलंबिया आणि ग्रामोफोन कंपनी एक झाल्या आणि ईएमआय तयार झाली. (हप्त्यांवाला ईएमआय नाही. ग्रामोफोन कंपनी म्हणजे भोंग्यापुढं बसलेल्या कुत्र्याची एचएमव्ही, जिच्या रेकॉर्डवर आपल्याकडं नाट्यसंगीत घराघरात वाजायचं.)

त्याच वर्षीचा किस्सा. ब्लमलाईन आपल्या होणाऱ्या बायकोला, डोरीनला घेऊन सिनेमाला गेला होता. बोलपट तेव्हा नवे होते. पडद्यावरचा माणूस चालत एका टोकाला गेला, पण आवाज आपला तिथूनच, जिथं स्पीकर होता. बाकीचे लोक गोष्टीत रमले होते. या गड्याला ते खटकलं, आणि माणसाबरोबर आवाजही सरकवायची युक्ती आपल्याला सापडली आहे, असं त्यानं डोरीनला सांगितलं.

डिसेंबर १९३१ मध्ये त्यानं पेटंटचा अर्ज केला. पेटंट क्रमांक ३९४३२५, त्यात ७० दावे. स्टेरिओ हा शब्द त्यानं वापरला नाही, तो याला बायनॉरल म्हणायचा.

आता ही भानगड काय होती, ते बघू.

आवाज डावीकडून आला की तो डाव्या कानाला किंचित आधी पोचतो आणि थोडा मोठा लागतो. मेंदू त्यावरून दिशा ओळखतो. ब्लमलाईननं दोन मायक्रोफोन जवळजवळ ठेवून हा फरक पकडायचा आणि दोन स्पीकरमधून तो पुन्हा उभा करायचा, असं गणित मांडलं. काटकोनात वळवलेल्या दोन मायक्रोफोनची त्याची रचना रेकॉर्डिंगवाले आजही वापरतात आणि तिला ब्लमलाईन पेअर म्हणतात.

दुसरी अडचण होती एकाच खाचेत दोन आवाज बसवायची. रेकॉर्डच्या खाचेला दोन भिंती असतात. एका भिंतीवर डावा आवाज, दुसरीवर उजवा, दोन्ही ४५ अंशांत. मग सुई आडवी हलते ती दोन्ही आवाजांच्या बेरजेनं आणि वरखाली हलते ती वजाबाकीनं. ही बेरीज-वजाबाकी लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

अमेरिकेत बेल लॅब्जमध्येही त्याच काळात असे प्रयोग सुरू होते, त्यामुळं सगळं श्रेय एकट्याला देऊन चालणार नाही. पण मायक्रोफोनपासून सुईपर्यंतची अख्खी साखळी एका पेटंटमध्ये मांडली ती ब्लमलाईननं.

जानेवारी १९३४ मध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत थॉमस बीचम मोझार्टच्या ज्युपिटर सिम्फनीची तालीम घेत होते, तेव्हा ब्लमलाईननं ती स्टेरिओत रेकॉर्ड केली. १९३५ मध्ये हेझ स्टेशनवरून जाणाऱ्या रेल्वेगाड्यांची फिल्म काढली. गाडी सरकते तसा आवाजही सरकतो.

आणि मग कंपनीनं हे सगळं बाजूला ठेवलं.

मंदी होती, गिऱ्हाइकाला दोन स्पीकर घ्यायला कोण सांगणार? ब्लमलाईनला टेलिव्हिजनच्या कामाला लावलं. तिथंही कमी पडला नाही. नोव्हेंबर १९३६ मध्ये बीबीसीनं टीव्ही सुरू केला, त्यातल्या ४०५ रेषांच्या पद्धतीत त्याचा मोठा वाटा होता.

पुढं महायुद्ध आलं आणि तो रडारकडं वळला. एचटूएस नावाचं रडार विमानात बसवायचं होतं, म्हणजे अंधारात आणि ढगांतूनही खालची जमीन दिसेल. ७ जून १९४२ ला त्याच्या चाचणीसाठी हॅलिफॅक्स विमान उडालं. उजव्या बाजूच्या इंजिनला आग लागली आणि विमान हेरफर्डशायरमध्ये वेल्श बिकनॉरजवळ कोसळलं. आतले ११ च्या ११ जण गेले. कारण काय निघालं, तर इंजिनातलं एक नट नीट आवळलं गेलं नव्हतं.

ब्लमलाईनला ३९ वं लागायला तीन आठवडे बाकी होते. नावावर १२८ पेटंट, घरी बायको आणि दोन लहान मुलं. रडार गुप्त, म्हणून त्याचं मरणही गुप्त. इतक्या मोठ्या इंजिनिअरची बातमी बराच काळ छापूनच आली नाही, आणि मला वाटतं त्याचं नाव मागं पडलं ते इथंच.

१९५८ च्या सुमारास स्टेरिओ रेकॉर्ड बाजारात आल्या. खाच तीच, भिंती त्याच, कोन तोच ४५ अंशांचा. पेटंटची मुदत तोवर संपून गेली होती. ग्रॅमीवाल्यांनी त्याला तांत्रिक पुरस्कार दिला २०१७ मध्ये, म्हणजे मेल्यावर ७५ वर्षांनी.

आता ती बेरीज-वजाबाकी. हाय-रेझ गाणी बऱ्याच ठिकाणी फ्लॅक नावाच्या फाईलमधून येतात. आवाजाचा कणही न गमावता फाईल लहान करायची हे तिचं काम. गायक मधोमध असेल तर डाव्या-उजव्या बाजूला त्याचा आवाज सारखाच असतो, मग तो दोनदा कशाला लिहायचा? म्हणून फायदा असेल तिथं फ्लॅक दोन्ही बाजूंची सरासरी आणि दोघींतला फरक साठवतं. फरक जवळपास शून्य, म्हणून जागाही कमी. तुमच्या फोनवर उलटं गणित होतं आणि डावी-उजवी बाजू जशीच्या तशी परत मिळते. खाचेत सुई जे आडवी-उभी हलून करायची, तेच इथं आकड्यांत होतं.