लोखंडी नांगराचे शिल्पकार : कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर

कोयलीच्या तेलशुद्धीकरण कारखान्याची उंच धुराडी आपण नित्य पाहतो. हा कारखाना १९६५ साली सोव्हिएत रशियाच्या साहाय्याने सुरू झाला. आराखडा परक्यांचा, पण पुढे तो चालविणारे व वाढविणारे हात आपले, असे आपल्या देशातील कितीतरी उद्योगांच्या बाबतीत घडले आहे. अशा वेळी मनात एक प्रश्न सहज येतो. दुसऱ्याचे पाहून घडविलेल्या वस्तूस आपण आपली म्हणावे काय? नक्कल कोठे संपते आणि स्वतंत्र निर्मिती कोठे सुरू होते? या प्रश्नाचे उत्तर एका मराठी कारखानदाराने पुस्तक लिहून नव्हे, तर नांगर घडवून दिले. ते कारखानदार म्हणजे कै. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. मराठी संगीत रंगभूमीचे अध्वर्यू अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. लहानपणी लक्ष्मणरावांचे चित्त पाठ्यपुस्तकांपेक्षा चित्रांत आणि यंत्रांत अधिक रमे. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईस जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु काही रंगांतील भेद आपल्या डोळ्यांस नीट उमगत नाही, असे त्यांच्या ध्यानी आले. चित्रकाराच्या दृष्टीने ही केवढी निराशा! पण ते खचले नाहीत. रंगांचा मार्ग बंद झाला तरी रेषांचा मार्ग मोकळा होता. त्यांनी यंत्रांची रेखाटने करण्याची कला हस्तगत केली आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत ते शिक्षक झाले.

याच काळात, १८८८ साली, बेळगावात सायकलींचे एक छोटे दुकान सुरू झाले. बंधू रामूअण्णा ते सांभाळीत. पुढे तंत्रशाळेत लक्ष्मणरावांना डावलून बढती दुसऱ्यास देण्यात आली, तेव्हा त्या स्वाभिमानी पुरुषाने नोकरीवर पाणी सोडले आणि बेळगावची वाट धरली. सायकली विकणे, त्या दुरुस्त करणे, लोकांना चालविण्यास शिकविणे यांवर संसार चालू लागला. परंतु परदेशातून आलेली वस्तू नुसती विकण्यात त्यांच्या मनाचे समाधान होईना. परदेशी यंत्रांची सूचिपत्रे आणि मासिके ते बारकाईने वाचीत. आपल्या देशातील बहुसंख्य लोक शेतकरी. तेव्हा पहिले यंत्र शेतकऱ्याच्या उपयोगी पडणारे हवे, असा त्यांनी निश्चय केला. प्रथम कडबा कापण्याचे यंत्र झाले आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार झाला.

आता हा नांगर काही लक्ष्मणरावांच्या कल्पनेतून आपोआप उगवलेला नव्हता. इंग्लंडातील रॅन्सम यांच्यासारख्या कारखान्यांचे लोखंडी नांगर त्यापूर्वीच निघाले होते आणि तोच धडा पुढे होता. यात कमीपणा आहे काय? थोडे मागे वळून पाहू. १७३० साली इंग्लंडात रॉदरहॅम नांगराचा हक्क नोंदविला गेला. तो नांगर डच नांगराच्या धर्तीवर बेतलेला होता. डचांनी माती उलथविणारे वक्र पाते चिनी नांगरावरून घेतले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. १८०३ साली रॉबर्ट रॅन्सम यांनी त्यात स्वतःची भर घातली. ओतीव फाळाची खालची बाजू झटकन थंड केली म्हणजे ती कठीण होते. मग वरची मऊ बाजू आधी झिजते व फाळाची धार आपोआप टिकून राहते. अशा रीतीने नांगर देशोदेशी हिंडला आणि प्रत्येक ठिकाणी कोणीतरी त्यात आपली बुद्धी ओतली.

लक्ष्मणरावांची कसोटी येथेच होती. नमुना समोर ठेवून आकार उतरविणे एखाद्या कुशल कारागिरास कठीण नाही. पण लोखंड किती कठीण असावे, हे कोणत्याही चित्रात दिसत नाही. फाळ मऊ राहिला तर खडकाळ रानात चार दिवसांत झिजतो. अतिशय कडक झाला तर दगडावर आपटून त्याचा तुकडा पडतो. हे ज्ञान सूचिपत्रात मिळत नाही. ते भट्टीसमोर घाम गाळून आणि पुनःपुन्हा ओतकाम बिघडवूनच मिळवावे लागते.

दुसरी परीक्षा शेतकऱ्यांच्या मनाची होती. आपला लाकडी नांगर गावचा सुतार करून देई. तो जमीन उकरी, पण तिची उलथापालथ करीत नसे. लोखंडी नांगराचे वक्र पाते खालची माती वर आणते, हरळीसारख्या चिवट तणांची मुळे उन्हात पाडते. पण लोखंडाने काळी आई विषारी होते, अशी तेव्हा पुष्कळांची समजूत होती. पहिले नांगर विकले जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली. कारखान्यात माल पडून, हाती पैसा नाही, अशा त्या दोन वर्षांत लक्ष्मणरावांनी शेतकऱ्यास नावे ठेवली नाहीत. त्याच्या रानातील माती, त्याच्या बैलांची शक्ती, त्याची ऐपत यांचा विचार करून ते आपल्या वस्तूत सुधारणा करीत राहिले.

इतक्यात आणखी एक संकट कोसळले. बेळगावातील कारखान्याची जागा नव्या वसाहतीसाठी नगरपालिकेस हवी झाली आणि बिऱ्हाड हलविणे भाग पडले. त्या वेळी औंधचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्थानकाजवळ बत्तीस एकर माळरान व दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. पाणी दुर्मिळ, निवडुंगाचे रान, सापांचा सुळसुळाट! तेथे मार्च १९१० मध्ये किर्लोस्करवाडीचा पाया घातला गेला. पुढे त्या रेल्वे स्थानकालाही हेच नाव मिळाले. आज ही वाडी सांगली जिल्ह्यात आहे.

पहिल्या महायुद्धात परदेशचे लोखंड व कोळसा मिळेनासा झाला. तेव्हा कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांनी गडावरील निकामी तोफा दिल्या. त्या वितळवून त्यांचे नांगर ओतण्यात आले. दगडी कोळशाऐवजी लोणारी कोळशावर भट्टी चालविली गेली. नुसती नक्कल करणारा मनुष्य अशा वेळी हात जोडून बसला असता. कारण नमुन्यातील एक वस्तू मिळेनाशी झाली की त्याची मती कुंठित होते. ज्याला नमुन्यामागील कारण समजले आहे, तोच दुसरा मार्ग काढू शकतो.

पुढे उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे, पाणी उपसण्याचे पंप अशी अनेक यंत्रे किर्लोस्करवाडीत निर्माण झाली. १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक तेथूनच निघाले. वाडीत अस्पृश्यतेला थारा नव्हता, आणि शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही तेथे विश्वासाने काम मिळे. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांनी इहलोकीची यात्रा संपविली. त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९६९ साली भारत सरकारने टपाल तिकीट काढून त्यांचा गौरव केला.

मित्रहो, आता आपल्या आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. दुसऱ्याच्या मालावरील नाव चोरून आपल्या मालावर घालणे, किंवा ज्याचा हक्क कायद्याने राखलेला आहे त्याची मुभा न घेता नक्कल करणे, ही निखालस चोरी होय. परंतु उघडपणे दुसऱ्यापासून शिकणे, प्रत्येक भाग तसाच का आहे हे समजून घेणे, आपल्या मातीस अनुरूप बदल करणे आणि मग स्वतःचे नाव घालून त्या वस्तूच्या गुणदोषांची जबाबदारी पत्करणे, ही चोरी नव्हे. ही विद्या होय. लक्ष्मणरावांच्या नांगरावर नाव किर्लोस्करांचे होते. तो मोडला तर तक्रार इंग्लंडला नव्हे, किर्लोस्करवाडीलाच येणार होती.

वर्गात शेजाऱ्याच्या वहीतील गणित उतरवून घेणारा मुलगा उत्तर मिळवितो. पण आकडे बदलले की अडतो. गुरुजींनी सोडविलेले गणित पाहून त्याची रीत शिकणारा मुलगा कोणतेही गणित सोडवितो. दोघांनीही दुसऱ्याचेच पाहिलेले असते. लक्ष्मणराव यांपैकी कोणत्या मुलासारखे होते, हे सांगावयास हवे काय? आपण कोणासारखे व्हावयाचे, हे मात्र ज्याचे त्याने ठरवावयाचे आहे.