वयाची अट आणि अण्णासाहेब कर्वे

प्रौढ वयात पुन्हा पाटी हाती घेणाऱ्या माणसाची खरी परीक्षा परीक्षेच्या दालनात होत नाही. ती प्रवेशाच्या दारातच होते. टेबलापलीकडे बसलेली मंडळी त्याच्या अर्जावरून नजर फिरवतात, मग त्याच्याकडे पाहतात. इतकी वर्षे कोठे होता, आता शिकून काय करणार, तरुण मुलांच्या बरोबरीने झेपेल काय, असे प्रश्न होतात. प्रश्नांत गैर काही नसते. परंतु पुष्कळदा उत्तर ऐकण्यापूर्वीच निर्णय झालेला असतो, आणि तो चेहऱ्याकडे पाहून झालेला असतो. महाराष्ट्राच्या शिक्षणाच्या इतिहासात अशाच एका नजरेची गोष्ट आहे. ती नजर १८७५ साली साताऱ्यात एका सतरा वर्षांच्या मुलावर पडली. त्या मुलाचे नाव धोंडो केशव कर्वे.

धोंडोपंतांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी खेड तालुक्यातील शेरवली येथे, आजोळी झाला. घर दापोलीजवळच्या मुरूडचे, समुद्रकाठचे, परिस्थिती बेताची. गावात मराठी शिक्षण जेवढे मिळण्यासारखे होते तेवढे मुलाने घेतले. पुढची पायरी म्हणजे मराठी सहाव्या इयत्तेची सरकारी परीक्षा. ती उत्तीर्ण झाली म्हणजे शाळामास्तर किंवा कचेरीतील कारकून होण्याची वाट मोकळी होत असे. कोकणातील गरीब घराला ती वाट मोठ्या दरवाजासारखी वाटत असे. परीक्षेस बसण्यासाठी वयाची सतरा वर्षे पूर्ण असावी लागत. धोंडोपंतांची ती झालेली होती.

परीक्षेसाठी सातारा गाठावयाचे होते. दिवस पावसाळ्याचे, वाहनाची सोय नाही. बरोबरीच्या काही मुलांसह हा मुलगा मुरूडहून पायी निघाला. सह्याद्री ओलांडून, शंभराहून अधिक मैलांची ही वाट, कोसळत्या पावसात आणि रात्रीच्या काळोखात तुडवून ही मुले साताऱ्यास पोहोचली. आणि तेथे परीक्षा घेणाऱ्या समितीच्या प्रमुखांनी या लहानखुऱ्या, अशक्त मुलाकडे पाहिले व हा सतरा वर्षांचा दिसत नाही, असा निर्णय दिला. वय भरलेले होते. परंतु ते अंगावर दिसत नव्हते. गणित किती येते, मराठी कसे लिहितो, हे पाहण्याची वेळच आली नाही. शंभर मैल चालून आलेला विद्यार्थी उंबरठ्यावरून परत फिरला.

त्या अध्यक्षांना दोष देऊन भागणार नाही. नियम त्यांनी केलेला नव्हता, आणि फसवणूक करणारे उमेदवार त्यांनी पाहिलेही असतील. प्रश्न त्यांच्या हेतूचा नाही. माणसाची योग्यता अजमावण्याचे काम ज्याच्याकडे सोपवलेले असते, तो सोपे माप हाती घेतो, आणि वय हे सर्वांत सोपे माप असते, एवढेच या प्रसंगावरून दिसते. कमी वाटले तरी अडचण, जास्त वाटले तरी अडचण. धोंडोपंतांच्या वाट्याला या दोन्ही अडचणी एकापाठोपाठ एक आल्या.

पुढच्या वर्षी त्यांनी कोल्हापुरास जाऊन ती परीक्षा दिली व ते उत्तीर्ण झाले. पण तोवर मनात इंग्रजी शिक्षणाची ओढ उत्पन्न झाली होती. रत्नागिरीच्या इंग्रजी शाळेत त्यांनी प्रयत्न केला, परंतु प्रकृतीने साथ दिली नाही. पुन्हा खंड पडला. अखेर मुंबईच्या रॉबर्ट मनी शाळेतून ते १८८१ साली मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांचे वय तेवीस वर्षांचे होते. साताऱ्यास जो वयाने लहान ठरला, तो आता वर्गात वयाने थोराड ठरला.

हा उशीर केवढा होता, हे दोन नावांवरून ध्यानात येईल. लोकमान्य टिळक कर्व्यांपेक्षा अवघ्या दोन वर्षांनी मोठे. कर्वे मॅट्रिकच्या वर्गात पोहोचण्यापूर्वीच ते पदवीधर झाले होते. गोपाळ कृष्ण गोखले कर्व्यांपेक्षा आठ वर्षांनी लहान. आणि १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून हे दोघे एकाच वर्षी बी. ए. झाले. गोखल्यांचे वय तेव्हा अठरा, कर्व्यांचे सव्वीस. शिवाय कर्वे त्या वेळी गृहस्थाश्रमी होते. विवाह पंधराव्या वर्षीच झालेला, आणि कॉलेजात असतानाच, १८८२ च्या जानेवारीत, थोरला मुलगा रघुनाथ जन्मास आलेला. शिकवण्या करून त्या मिळकतीवर स्वतःचे शिक्षण चालवावयाचे, घराकडेही पाहावयाचे, आणि बाकी राहिलेल्या वेळात गणिताचा अभ्यास करावयाचा, असा हा विद्यार्थीदशेचा काळ होता. दिवसभर कचेरीत राबून रात्रीच्या वर्गाला जाणाऱ्या कारकुनास या वर्णनात अपरिचित असे काहीच आढळणार नाही.

आणि तरीही हा उशिरा शिकलेला माणूस वाया गेला नाही. १८९१ साली गोखल्यांनीच त्यांना पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवण्यासाठी बोलावून घेतले. टिळकांनी संस्था सोडल्यामुळे त्या विषयाला प्राध्यापक हवा होता. पुढे १९१४ पर्यंत कर्व्यांनी तेथे अध्यापन केले. पदवी सव्विसाव्या वर्षी मिळाली की अठराव्या, हे फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या शिक्षकाला कोणी विचारीत नाही.

त्याच वर्षी पत्नी राधाबाई निवर्तल्या. यानंतर कर्व्यांच्या आयुष्यात जे घडले त्याच्या मुळाशीही एक उशिराचे शिक्षणच होते. त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई आठव्या वर्षीच विधवा झाली होती. विशी ओलांडेपर्यंत तिचे आयुष्य घरकामात गेले. ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदासदन उघडले, आणि त्या संस्थेत दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे ही गोदूबाई. ज्या वयात त्या काळच्या स्त्रिया दोन-तीन मुलांच्या आया होत, त्या वयात ती मुळाक्षरांच्या वाटेने निघाली. ११ मार्च १८९३ रोजी, शारदासदनाच्या स्थापनेनंतर बरोबर चार वर्षांनी, कर्व्यांनी तिच्याशी पुनर्विवाह केला. मुरूडने या विवाहाबद्दल कर्वे कुटुंबावर बहिष्कार घातला. गोदूबाई पुढे आनंदीबाई झाल्या, आणि महाराष्ट्राला बाया कर्वे म्हणून परिचित झाल्या.

विधवाविवाहाचा पुरस्कार करता करता कर्व्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. प्रत्येक विधवेचा विवाह होणे शक्य नाही. पण प्रत्येकीला स्वतःच्या पायावर उभे राहता येणे शक्य आहे. १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम निघाला, आणि १९०० साली तो शहराबाहेर हिंगणे येथे एका साध्या झोपडीत गेला. कॉलेजातील तास संपवून अण्णा पुण्याहून हिंगण्याची वाट पायी तुडवीत. साताऱ्याची वाट चालण्याची सवय जणू येथे उपयोगी पडली.

आश्रमात येणारी विद्यार्थिनी कोण होती, याचा विचार केला पाहिजे. ती सहा वर्षांची बालिका नव्हती. ती सासरी मोठी झालेली, केशवपन झालेली, एखादे मूल पदरी असलेली स्त्री होती. वर्गात बसण्याची लाज वाटणारी, आपल्याला आता काय येणार अशी धास्ती बाळगणारी. शाळाखात्याच्या इयत्तांत तिला जागा नव्हती, कारण त्या इयत्ता वयावर आखलेल्या होत्या. हिंगण्यात तिला जागा मिळाली.

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे बायांची बहीण पार्वतीबाई आठवले. विसाव्या वर्षाच्या सुमारास त्यांना वैधव्य आले. पदरी लहान मुलगा होता. पंचविशीच्या आगेमागे त्या पुण्यास बहिणीकडे येऊन शिकू लागल्या. जिला शिकून काय करायचे असे कोणीही म्हटले असते, तीच बाई पुढे आश्रमाचा कारभार पाहू लागली, गावोगाव हिंडून आश्रमासाठी निधी गोळा करू लागली. त्यावरही त्या थांबल्या नाहीत. इंग्रजी येत नाही ही उणीव मनाला लागून राहिली, म्हणून पन्नाशीच्या उंबरठ्यावर, १९१८ साली, त्या अमेरिकेस गेल्या. तेथे लोकांच्या घरी घरकाम करून त्यांनी पोट भरले व भाषा शिकली. कोणत्याही निवड समितीने त्यांच्या बाजूने कौल दिला असता की नाही, याची शंकाच आहे.

१९१६ साली कर्व्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. त्याची एक प्रेरणा जपानच्या महिला विद्यापीठाविषयीच्या पुस्तिकेतून मिळाली होती. शिक्षणाचे माध्यम मातृभाषा ठेवले, इंग्रजी विषय म्हणून ठेवला, आणि स्त्रियांच्या संसारातील गरजा ध्यानी घेऊन अभ्यासक्रम आखला. दर्जाबद्दल त्या वेळी शंका घेतल्या गेल्या. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी दिली. पण सरकारी मान्यतेसाठी या विद्यापीठाला स्वातंत्र्यानंतरपर्यंत वाट पाहावी लागली. तोवर तेथील पदवीधर स्त्रियांना आपली पदवी खरी आहे हे दारोदार पटवून द्यावे लागले असेल, तर नवल नाही. एका विद्यार्थ्यावर साताऱ्यात जी वेळ आली, ती एका संपूर्ण विद्यापीठावर आली होती.

कर्व्यांचे चरित्र सांगताना त्यांची मर्यादाही सांगितली पाहिजे. आश्रमाचे दार प्रारंभी मुख्यतः ब्राह्मण विधवांपुरतेच उघडे होते. समाजाचा रोष ओढवून संस्था बुडू नये, ही भीती त्यामागे होती. वयाचे माप त्यांनी फेकून दिले, पण जातीचे माप काही काळ दाराशी तसेच राहिले. ज्याला स्वतः दारातून परतावे लागले, त्याच्याही हातून दुसरे कोणी बाहेर राहते, ही गोष्ट अस्वस्थ करणारी आहे. तथापि अण्णांचे शिक्षण याही बाबतीत थांबले नाही. १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी शाळा नसलेल्या खेड्यांसाठी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. १९४४ साली, शहाऐंशीव्या वर्षी, समता संघ स्थापन केला. जन्मावरून माणसाची प्रत ठरवू नये, हा धडा त्यांनी उशिरा गिरवला असेल, पण गिरवला.

वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, १९२९ साली, ते परदेश प्रवासास निघाले. शिक्षण परिषदांना हजर राहिले, निरनिराळ्या देशांतील शाळा व संस्था पाहिल्या. वास्तविक हा वानप्रस्थाचा काळ; परंतु अण्णा तेव्हाही विद्यार्थ्यासारखेच हिंडत होते. १९५८ साली, शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, एकशे चार वर्षांचे होऊन, ते निवर्तले. सतराव्या वर्षी जो फार लहान म्हणून नाकारला गेला, त्याने वय हे माप किती फोल आहे, हे दीर्घ आयुष्य जगून सिद्ध केले.

आज परिस्थिती पुष्कळ पालटली आहे. १९८९ साली महाराष्ट्रात यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघाले, आणि शाळा सुटलेल्या गृहिणीला, कामगाराला, कारकुनाला पदवीची वाट सापडली. परंतु विद्यापीठ मुक्त झाले म्हणून मुलाखत घेणाऱ्याची नजर मुक्त होतेच असे नाही. चाळिशीतील स्त्री अर्ज घेऊन समोर बसली की अजूनही तिच्या गुणांपूर्वी तिची मुले, तिचे घर आणि तिचे वय विचारले जाते. मध्ये गेलेली वर्षे रिकामी होती असे गृहीत धरले जाते. वास्तविक त्या वर्षांत तिने संसार चालवलेला असतो, आजारपणे काढलेली असतात, पैशाचा मेळ बसवलेला असतो. अर्जात या शिक्षणासाठी रकाना नसतो, इतकेच.

प्रवेश देणाऱ्याने योग्यता पाहू नये, असे कोणी म्हणणार नाही. जागा मोजक्या असतात, निवड करावीच लागते. मात्र ती निवड ज्ञानाची आणि जिद्दीची असावी, चेहऱ्याची नसावी. त्यासाठी प्रश्न विचारावा लागतो, आणि उत्तर संपेपर्यंत ऐकावे लागते. जे शिक्षक आज अशा समित्यांवर बसतात, त्यांनी साताऱ्याच्या त्या दिवसाचे स्मरण ठेवावे. आणि जो उमेदवार धडधडत्या छातीने बाहेरच्या बाकावर बसला आहे, त्यानेही एवढे ध्यानात ठेवावे की साताऱ्याहून परत फिरलेला मुलगा पुढच्या वर्षी कोल्हापुरास गेला होता.